नारळीकरांना आठवताना

श्रोतेहो, नमस्कार.

खगोलशास्त्रज्ञ डॉ. जयंत नारळीकर १९ जुलै १९३८ रोजी कोल्हापुरात जन्मले आणि २० मे २०२५ रोजी पुण्यात निवर्तले. ‘आपल्या कोल्हापूरचे’ असे आपण त्यांच्याविषयी अभिमानाने म्हणतो. पण वडील विष्णु वासुदेव नारळीकर बनारस हिंदू विश्वविद्यालयात गणिताचे प्राध्यापक असल्यामुळे त्यांचे बालपण बनारसमध्येच गेले. तिथे शिकायला आलेले त्यांचे मोरूमामा हुजूरबाजार घरातल्या फळ्यावर ‘जे. व्ही. एन. (जयंत विष्णु नारळीकर) यांना आव्हान’ अशा मथळ्याखाली एखादे अवघड गणित मांडत आणि भाच्याने ते सोडवेपर्यंत किंवा हार मानेपर्यंत तो फळा पुसला जात नसे.

दिवंगत शास्त्रज्ञांवर बोलताना आपण बहुधा पुरस्कारांची यादी वाचतो आणि वादाचा भाग सोयीस्कररीत्या गाळतो. नारळीकरांच्या बाबतीत तर तोच भाग मोलाचा आहे. केंब्रिजमध्ये आपले मार्गदर्शक, खगोलशास्त्रज्ञ फ्रेड हॉईल यांच्यासह त्यांनी १९६४ मध्ये गुरुत्वाकर्षणाचा नवा सिद्धांत मांडला आणि १९६५ मध्ये, वयाच्या अवघ्या सव्विसाव्या वर्षी, त्यांना पद्मभूषण मिळाले. नेमक्या त्याच वर्षी पेन्झियास आणि विल्सन यांनी अवकाशाच्या सर्व दिशांनी येणाऱ्या सूक्ष्मलहरींचा शोध जाहीर केला, तो विश्वाची सुरुवात एका महास्फोटातून झाली या मताला बळ देणारा आणि हॉईल-नारळीकर ज्याची बाजू घेत होते त्या स्थिर-स्थिती विश्वाच्या, म्हणजे विश्वाला आरंभ नाही आणि ते एकंदरीत कायम सारखेच राहते या कल्पनेला अडचणीत आणणारा होता. तरीही १९९३ मध्ये हॉईल आणि खगोलशास्त्रज्ञ बर्बिज यांच्यासह त्यांनी स्थिर-स्थिती विश्वाचे सुधारित प्रतिमान मांडले. बहुसंख्य खगोलशास्त्रज्ञांना ते पटले नाही. पण पुरावा तपासून पाहिल्याखेरीज बहुमतापुढे मान तुकवायची नाही, हा बाणा त्यांनी सोडला नाही.

फलज्योतिषालाही त्यांनी हीच कसोटी लावली. शंभर हुशार आणि शंभर मतिमंद मुलांच्या पत्रिका गोळा करून त्यांतल्या चाळीस-चाळीस पत्रिका सत्तावीस ज्योतिषांना देण्यात आल्या आणि कोणती पत्रिका कोणत्या गटातली, एवढेच ओळखायला सांगितले. यशाचे प्रमाण ४६ टक्के आले. नुसती नाणेफेक केली, तरी पन्नासच्या आसपास उत्तरे बरोबर येतातच की!

स्वाक्षरी मागणाऱ्या मुलांना ते सांगत, ‘पोस्टकार्डावर विज्ञानातला एक प्रश्न विचारा, उत्तर माझ्या सहीने येईल.’ तेव्हा त्यांच्या जयंतीला आपल्या शाळांनी तसबिरीला हार जरूर घालावा, पण दर्शनी फळ्यावर एक अवघड गणितही लिहावे, आणि कुणी ते सोडवेपर्यंत शिपाईमामांना तो फळा पुसू देऊ नये.