जुनं घड्याळ कोणाच्या हाती द्यावं?

भिंगाखाली डोलतंय ते बॅलन्स व्हील, म्हणजे मागेपुढे झुलत घड्याळाची चाल ठरवणारं चाक. ताशी १८,००० ठोके, म्हणजे सेकंदाला पाच आणि दिवसाला ४ लाख ३२ हजार. जुन्या मनगटी घड्याळांत हा वेग सर्रास आढळतो. ज्या आसावर ही सगळी धावपळ चालते, त्याची टोकं जेमतेम केसाइतकी जाड असतात. ती कृत्रिम माणकांच्या छिद्रांत फिरतात आणि त्यांना पुरतो तेलाचा एक सूक्ष्म थेंब.

हे तेल वर्षानुवर्षांत सुकतं. घड्याळ बंद पडलं तर उलट बरं. जास्त नुकसान होतं ते सुकल्या तेलावर रेटून चालणाऱ्या घड्याळाचं, कारण तेलात मिसळलेली धूळ आणि धातूचा बारीक कीस आसाची टोकं घासत राहतो. ‘चालतंय ना, मग कशाला उघडायचं?’ हा प्रश्न म्हणूनच महागात पडतो.

सर्व्हिसिंग म्हणजे घड्याळ पूर्ण सुटं करणं, प्रत्येक भाग धुणं, भिंगाखाली तपासणं आणि जागेनुसार वेगवेगळं तेल देणं. चावी दिलेली कमान (स्प्रिंग) ज्या डबीत असते त्या बॅरलला ग्रीस, बॅलन्सच्या टोकांना अगदी पातळ तेल. मागचं झाकण काढून दोन थेंब सोडले आणि तासाभरात घड्याळ हातात ठेवलं, तर सर्व्हिसिंग झालेलंच नाही.

मग हे काम द्यायचं कोणाला? मूळ कंपनीकडे सुटे भाग असतात, यंत्रसामग्री असते, वॉरंटीही मिळते. पाटेक फिलिप तर १८३९ सालापासूनच्या आपल्या कोणत्याही घड्याळाचं काम करण्याची तयारी ठेवते. पण अनेक सर्व्हिस सेंटरांचा सगळा रोख घड्याळ नव्यासारखं करण्यावर असतो. डागाळलेली डायल बदलली, काटे बदलले, केसला, म्हणजे घड्याळाच्या बाहेरच्या धातूच्या कवचाला, झकास पॉलिश केलं. घड्याळ उत्तम चालतं, पण जुनं म्हणून त्याला जी किंमत होती, ती संपते. पॉलिशमध्ये केसच्या कडांचा धातू झिजतो आणि झिजलेली कड पूर्ववत करणं फार अवघड असतं. आमचं मत विचाराल तर चांगला कारागीर आतल्या यंत्राच्या बाबतीत निर्दय असावा आणि बाहेरच्या रूपाच्या बाबतीत थोडा भित्राच असावा.

असे स्वतंत्र कारागीर मोजकेच उरलेत. १९६९च्या डिसेंबरमध्ये सेइकोचं क्वार्ट्झ ॲस्ट्रॉन हे बॅटरीवर चालणारं मनगटी घड्याळ बाजारात आलं आणि पुढच्या पंधराएक वर्षांत स्वित्झर्लंडच्या घड्याळ उद्योगातले सुमारे ९० हजार कामगार ३० हजारांच्या आसपास आले. नवी मुलं या धंद्यात येईनाशी झाली. त्यातच काही कंपन्या बाहेरच्या कारागिरांना सुटे भाग देत नाहीत. म्हणून पहिला प्रश्न हाच विचारा: बॅलन्सचा आस मोडलेला निघाला, तर काय कराल? झटके झेलणारी व्यवस्था येण्याआधीच्या घड्याळांत तो घड्याळ पडल्यावर सहज मोडतो. कोणी म्हणेल, तसाच भाग शोधतो. कोणी म्हणेल, लेथवर घडवतो. दोन्ही उत्तरं चालतील. ‘बघू, काहीतरी बसवू’ हे मात्र चालणार नाही.

दुसरा प्रश्न अंधारात चमकणाऱ्या रंगाचा. १९६०च्या दशकापर्यंत या रंगात रेडियम वापरलं जाई. चमक कधीच विझलेली असते, पण ती विझते रंगातलं चमकणारं रसायन थकल्यामुळे. रेडियमचं अर्धायुष्य सुमारे १६०० वर्षं आहे, किरणोत्सर्ग चालूच असतो. या रंगाची पूड श्वासातून आत जाणं धोक्याचं. जो हसत ‘खरवडून नवीन रंग लावून देतो’ म्हणेल, त्याच्या टेबलावरून घड्याळ उचला आणि निघा.

घड्याळात क्रोनोग्राफ, म्हणजे स्टॉपवॉचची सोय असेल, तर हीच यंत्रणा पूर्वी हाताळली आहे का, हेही विचारा. साध्या तीन काट्यांच्या घड्याळात निष्णात असलेला माणूसही तिथे अडखळतो.

काय बदलणार, कशाला हात लावणार नाही, हे आधी लिहून घ्या. काढलेले जुने भाग परत मागा. काम झाल्यावर टाइमग्राफरचे, म्हणजे घड्याळाची चाल मोजणाऱ्या यंत्राचे आकडे मागा, तेही घड्याळ आडवं आणि उभं, अशा वेगवेगळ्या स्थितींतले. कमान पूर्ण भरलेली असताना बॅलन्सचा झोका २७० अंशांच्या आसपास असेल, तर उत्तमच. फार जुन्या यंत्रात थोडा कमी असला, तरी कुरकुर नको.

आणि झाकणावर ‘वॉटरप्रूफ’ कोरलेलं असूनही ‘पाण्यापासून लांब ठेवा’ असं जो न विचारता बजावतो, त्याच्याकडे दुसरं घड्याळही द्यायला हरकत नाही.