फीचं विचारायला लाजू नका

नैराश्यात असलेल्या किशोरवयीन मुलाला घेऊन माझ्याकडे उपचाराला आलेले आईवडील सगळं विचारतात. कशामुळे झालं, आमचं काय चुकलं, परीक्षेला बसेल का. एकूण खर्च किती येईल हे मात्र निघताना, दारात उभं राहून, तेही मला नाही, बाहेर बसलेल्या मदतनिसाला. पोटच्या पोराच्या दुखण्यात हिशोब काढणं त्यांना लाजिरवाणं वाटतं. माझं म्हणणं असं, की हा प्रश्न पहिल्याच भेटीत विचारा. साधारण किती बैठका लागतील आणि फरक पडतोय की नाही हे कितव्या बैठकीला तपासायचं, हेही सोबत विचारा. या प्रश्नांनी चिडणारा तज्ज्ञ असेल तर दुसरा शोधावा, असं माझं स्पष्ट मत आहे.

मानसिक उपचार म्हणजे न थांबणारं मीटर, असा आपला समज असतो. पण नैराश्यावरच्या ज्या उपचारांची नीट तपासणी झाली आहे, त्यांतले बरेचसे ठरावीक मुदतीचे आहेत. अमेरिकेत १२ ते १७ वयाच्या ४३९ मुलामुलींवर झालेला एक अभ्यास २००४ साली प्रसिद्ध झाला. फ्लुओक्सेटीन हे औषध आणि सीबीटी, म्हणजे विचार आणि वागणं बदलण्यावर काम करणाऱ्या बैठका, दोन्ही मिळालेल्यांपैकी ७१ टक्के मुलं १२ आठवड्यांत सुधारली. नुसत्या औषधावर सुमारे ६१, नुसत्या बैठकांवर ४३. पुढे ३६ आठवड्यांपर्यंत तिन्ही गट जवळपास एका पातळीला आले. म्हणजे एकच परवडत असेल तर ते वाया जात नाही, फक्त वेळ जास्त लागू शकतो. तेवढा वेळ हातात आहे का, हे मात्र डॉक्टरांनी सांगायचं. आपण अंदाज बांधायचा नाही.

आता विमा. बऱ्याच पॉलिसी दवाखान्यात दाखल झालं तर खर्च देतात, आणि या वयातला बहुतेक उपचार तर दाखल न होता चालतो! म्हणून कंपनीला लेखी विचारा: बाह्यरुग्ण उपचार धरता का, मानसोपचारतज्ज्ञ (औषध देणारा डॉक्टर) चालतो पण मानसशास्त्रज्ञ (औषध न देता बैठका घेणारा) चालत नाही असं आहे का, वर्षाला भेटी किती. फोनवर ‘नाही’ म्हणाले तर तो नकार धरू नका. कारण लेखी मागा आणि अपील करा. सहाच भेटी मिळत असतील तर महिन्याला एक अशा पुरवून वापरू नका. सुरुवातीला आठवड्याला एक घ्या. लांबलांबच्या भेटींत मागचं पुन्हा सांगण्यातच अर्धा वेळ जातो.

स्वस्त पर्याय कमी प्रतीचाच असतो, असंही नाही. अध्यापन रुग्णालयात किंवा विद्यापीठाच्या केंद्रात शिकाऊ समुपदेशक बसतात. त्यांच्या कामावर वरिष्ठांची नजर असते, जी माझ्यासारख्या एकट्याने बसणाऱ्यावर रोज नसते. गटातल्या बैठका स्वस्त पडतात, आणि काही मुलांना तिथेच पहिल्यांदा कळतं की असं होणारे आपण एकटे नाही. उत्पन्नानुसार फी कमी करणारे लोकही आहेत, पण ते पाटी लावत नाहीत. विचारावं लागतं.

काटकसर कुठे करायची नाही तेही सांगतो. नैराश्याचं औषध सुरू झाल्यानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांतल्या तपासण्या चुकवू नका. या वयात काहींच्या मनात तेव्हा आत्महत्येचे विचार वाढू शकतात. अमेरिकेच्या औषध नियामकाने २००४ मध्येच तसा ठळक इशारा द्यायला लावला. गोळ्या परस्पर बंद करू नका. आणि मूल जिवाचं बरंवाईट करण्याबद्दल बोललं, तर विमा-बिमा बाजूला ठेवून तातडीच्या विभागात जा.

एक गोष्ट राहिली. बंद दाराआड तुम्ही पैशांवरून बोलता ते मुलाला ऐकू येतं. चौथ्या-पाचव्या बैठकीला एखादी मुलगी म्हणते, आता बरं वाटतंय, येत नाही. खोदून विचारलं की कळतं, बाबांचा खर्च वाचवत होती. तेव्हा तिला आधीच सांगा: बारा बैठका ठरल्यात, पैशांची सोय झाली आहे, तू फक्त यायचं.