दुसऱ्यांदा उघडणारा गुडघा

(पहाट. आखाड्यातली ओली माती.)

दांडिया बाजार अजून पुरता जागा झालेला नाही, पण इथं माती खणून झाली आहे आणि मल्लखांबाला तेल लागलं आहे. बडोद्यातल्या मराठी घरांतली पोरं पिढ्यानपिढ्या अशाच मातीत पडत-उठत आली. याच शहरात १९२३ साली हुतूतूचे नियम लागू करून अखिल भारतीय स्पर्धा भरवली गेली होती.

काठावर बसलेला हा मुलगा चढाईला जायचा. वय तेवीस. पायरी उतरताना बघा, उजवा पाय आधी, तोही चाचपत. “गुडघा निसटतो, दादा,” एवढंच तो म्हणाला.

गुडघ्याच्या मधोमध तिरकी जाणारी एक दोरी असते. तिला एसीएल म्हणतात. पाय मातीत रुतलेला असताना वरचं अंग वळलं की ती तुटते, आणि सहसा आपली आपण धड जुळत नाही. मग दुर्बिणीतून नवी बसवतात. मांडीच्या मागच्या हॅमस्ट्रिंग स्नायूची कंडरा, म्हणजे स्नायू हाडाला बांधणारी दोरी, काढायची, मांडीच्या हाडात आणि नडगीत बोगदे पाडायचे, कंडरा त्यांतून ओढून घ्यायची आणि बटण नाहीतर स्क्रू लावून पक्की करायची. या मुलाचं हे सगळं तीन वर्षांपूर्वी झालं. आता पुन्हा करायचं आहे.

(उजेडावर धरलेला एक्स-रे.)

वरचा बोगदा बघा, किती उभा गेला आहे. अशा बोगद्यातली दोरी गुडघा सरळ असताना धरते, वळताना सोडते. अमेरिकेत फेरशस्त्रक्रियांचा अभ्यास करणाऱ्या मार्स गटानं ५२ केंद्रांमधून १,२०५ रुग्ण नोंदवले. पहिल्या ऑपरेशनमधली सर्वांत जास्त आढळलेली तांत्रिक चूक हीच होती, मांडीच्या हाडातला बोगदा चुकीच्या जागी.

नव्या सर्जनपुढे आता प्रश्नच प्रश्न. जुना बोगदा रुंदावला असेल तर आधी कमरेचं हाड घेऊन तो बुजवायचा, काही महिने थांबायचं, मग दोरी. आतला स्क्रू धातूचा की विरघळणारा? कोणत्या मापाचा? तो काढायला कोणतं पान्ह्याचं टोक लागेल? उत्तर जुन्या फाइलमध्ये असायला हवं. तिच्यात एकच ओळ आहे: ‘उजवा गुडघा, एसीएल रिकन्स्ट्रक्शन, रुग्ण स्थिर.’

(फाइलचं पान. कॅमेरा स्थिर.)

नॉर्वेत २००४ पासून सर्जन ऑपरेशन संपताच एक फॉर्म भरतो: कोणती कंडरा, कशानं अडकवली, गुडघ्याच्या हाडांमधली गादी फाटली होती का. डेन्मार्क आणि स्वीडननं २००५ मध्ये हेच सुरू केलं. तिन्ही देशांची ४५,९९८ ऑपरेशनं एकत्र मोजली तेव्हा दिसलं की पाच वर्षांत हॅमस्ट्रिंगची ४.२ टक्के ऑपरेशनं पुन्हा करावी लागली, वाटीखालच्या कंडरेची २.८ टक्के. नॉर्वेतले सर्जन पुढं वाटीखालच्या कंडरेकडे वळले. एका पानाच्या फॉर्मनं हे घडवलं, याचं मला फार अप्रूप वाटतं.

दुसऱ्या ऑपरेशनला दोरी आणायची कुठून, यावर मात्र देशादेशांचं एकमत नाही. अमेरिकेत मृत दात्याची कंडरा सर्रास वापरली गेली. मार्सनं मोजल्यावर कळलं की रुग्णाची स्वतःची कंडरा पुन्हा तुटण्याचा धोका जवळपास पावणेतीन पटींनी कमी. फ्रान्समध्ये सर्जन लमेअर यांच्या काळापासून गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूनं जादा पट्टी शिवायची रीत आहे. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत ६१८ तरुणांच्या पहिल्या ऑपरेशनबरोबर ती पट्टी जोडून पाहिली. दोरी तुटण्याचं प्रमाण ११ टक्क्यांवरून ४ वर आलं. आपल्याकडे दात्याची कंडरा सहजी मिळत नाही, म्हणून या मुलाची वाटीखालचीच घेणार आहेत, बाहेरच्या पट्टीसकट.

पण एक गोष्ट आकड्यांत येत नाही. नॉर्वे, डेन्मार्क, स्वीडनचे ते टक्के मोजतात ती पुन्हा झालेली ऑपरेशनं. गुडघा निसटतो म्हणून मुकाट्यानं कबड्डी सोडून दुकानात बसलेला मुलगा त्या टक्क्यांत नसतो. या मातीवर आम्हाला असे तिघे भेटले. अशा गुडघ्यातली गादी फाटत जाते आणि झीज लवकर सुरू होते.

(ऑपरेशननंतरची दुपार.)

नर्सताईंनी स्क्रूच्या खोक्यावरचं स्टिकर सोलून कागदावर चिकटवलं. मुलाच्या आईनं तो कागद दोन्ही हातांनी घेतला. “डॉक्टर, यात काय लिहिलंय ते वाचून दाखवता का?”

डॉक्टर खुर्ची ओढून तिच्याशेजारी बसले आणि पहिल्या ओळीपासून वाचू लागले.