रात्रपाळीचे आबा

नमस्कार मंडळी. आज मी आमच्या आबांबद्दल बोलणार आहे, म्हणजे माझ्या आजोबांबद्दल. मागच्या महिन्यात ते गेले, 94 वर्षांचे होते, आणि त्यातली 45 वर्षं त्यांनी वर्तमानपत्राच्या छापखान्यात काढली, बहुतेक सगळी रात्रपाळीत. मशीनवर उभं राहणाऱ्याचं नाव काही पेपरात येत नाही, म्हणून म्हटलं निदान रेडिओवर तरी बोलावं.

सोळाव्या वर्षी ते खिळे जुळवायला लागले. खिळा म्हणजे शिशाचं एकेक अक्षर, ते केसच्या, म्हणजे खणाखणांच्या लाकडी पेटीच्या, बरोबर त्याच खणातून उचलायचं, हातातल्या स्टिकमध्ये, म्हणजे ओळ लावायच्या पट्टीत, लावायचं, आणि अक्षरं आरशात दिसतात तशी, ओळ डोक्यावर उभी, वाचायचं मात्र डावीकडून उजवीकडेच. नुसतं शिसं फार मऊ, म्हणून त्यात अँटिमनी आणि कथील मिसळलेलं असतं, हे आम्हाला शाळेत कळायच्या आधी आबांकडून कळलं. आणि छापून झालं की संपलं असं नाही, सगळे खिळे पुसून परत आपापल्या खणात टाकायचे. ते म्हणायचे, जुळवणं कोणीही शिकतो, परत नीट टाकतो तो खरा जुळारी. उलटं वाचायच्या या सवयीचा आम्हाला जाच असा होता की मी टेबलाच्या या बाजूला गृहपाठ लिहीत बसलो की ते समोर बसून, वही न फिरवता, उलटीच वाचायचे आणि नखानं अचूक ऱ्हस्व-दीर्घावर टकटक करायचे.

एक गोष्ट ते नेहमी सांगायचे. 29 नोव्हेंबर 1814, लंडनचा 'टाइम्स'. मालक जॉन वॉल्टर यांनी कोनिग नावाच्या जर्मन माणसानं बनवलेलं वाफेवर चालणारं छपाईचं मशीन गुपचूप बसवून घेतलेलं, हातप्रेसवरच्या कामगारांना सांगितलं परदेशातून मोठी बातमी येतेय, थांबा जरा, आणि पहाटे येऊन सांगितलं की पेपर छापून झालासुद्धा. ताशी 1100 ताव! हातप्रेसच्या चौपट वगैरे. दुसरीकडे काम मिळेपर्यंत पगार चालू राहील असंही त्यांनी सांगितलं म्हणे. बाकी लोक मशीनचं कौतुक करतात, आबा मात्र दर वेळी एवढंच विचारायचे, "ती माणसं त्या सकाळी घरी जाऊन बायकोला काय म्हणाली असतील रे?"

कारण ही वेळ त्यांच्यावरही आलीच की. जगभर गरम शिशाचे, म्हणजे शिसं वितळवून अक्षरं ओतायचे, दिवस संपत होते, 'न्यूयॉर्क टाइम्स'नं जुलै 1978 मध्ये शिशावरचा शेवटचा अंक काढला, आणि पुढे आबांच्या छापखान्यातही ऑफसेट आलं. पन्नाशीतला माणूस, घरात तीन मुलं शिकणारी. पहिल्या दिवशी त्यांनी नव्या प्लेटवर हात फिरवला आणि बोटांना काहीच लागेना! प्लेट सपाट, अक्षर उठावाचं नाहीच, शाई आणि पाणी एकमेकांना धरत नाहीत एवढ्या एका गोष्टीवर सगळी छपाई. वर अक्षरं चक्क सरळ, कारण प्लेटवरून रबराच्या ब्लँकेटवर उलटी उमटतात आणि तिथून कागदावर परत सरळ. आज्जी सांगायची, त्या रात्रीनंतर घरी येऊन ते बराच वेळ आपल्या बोटांकडे बघत बसले होते. मग दुसऱ्या दिवशी दुपारची झोप सोडून शिकायला गेले, आणि सहा महिन्यांत नव्या पोरांना चार रंगांचं रजिस्टर जुळवायला, म्हणजे चारही रंग एकमेकांवर अचूक बसवायला, तेच शिकवत होते. मला याचं फार वाटतं, अजूनही.

घरचं म्हणाल तर रात्रपाळीचा माणूस घरात नसल्यातच जमा असं लोक समजतात. आबांचं उलट होतं. पहाटे मशीन थांबलं की रॉकेलनं हात, मग साबण, मग परत साबण, तेव्हाच सायकलला हात. माझ्या वडिलांना आणि आत्यांना रोज उठवायला तेच असायचे, वेण्या घालायला, दप्तर बघायला, शाळेत सोडायला. झोपायचे त्यानंतर. बाबा म्हणतात आमच्या वर्गात इतका वेळ वडील कुणालाच मिळत नव्हते. रद्दीतल्या कागदाची चौकोनी टोपी करून द्यायचे, तीच टोपी मशीनवरचे लोक केसात शाई उडू नये म्हणून घालायचे, आम्हाला वाटायचं ती खास आमच्यासाठीच आहे.

मशीनच्या धडधडीनं कान मात्र लवकर गेले. पण त्या आवाजात इतकी वर्षं ओठ वाचायची सवय, त्यामुळे खोलीच्या त्या टोकाला आज्जी काही पुटपुटली की हे इकडून उत्तर द्यायचे, आणि ती आधी चिडायची आणि मग हसायची. आज्जी सहा वर्षांपूर्वी गेली. त्यानंतर खोलीच्या त्या टोकाकडे ते उगाचच बघत राहायचे.

शेवटच्या महिन्यात त्यांना वाचता येत नव्हतं. तरी सकाळी पेपर हातात द्यावाच लागायचा. पेपरची शाई कागदात मुरते, पूर्ण वाळत नाही, म्हणून हाताला लागते, हे त्यांनीच मला शिकवलेलं. तर ते मथळ्यावरून अंगठा जोरात घासायचे, डोळ्यांजवळ नेऊन बघायचे, काळा झाला असेल तर मान हलवायचे आणि पेपर आज्जीच्या बाजूच्या उशीवर नीट घडी घालून ठेवायचे.