गाडी ओढणाऱ्या कुत्र्यांना दुसरं घर शोधताना

(व्याख्यानाचं शब्दांकन, थोडं संपादित)

बाल्टो या कुत्र्याचं नाव इथे बऱ्याच जणांनी ऐकलं असणार. 1925 साली अलास्कात नोम गावात घटसर्पाची साथ आली, आणि नेनानापासून नोमपर्यंत 674 मैल औषध पोचवलं ते कुत्र्यांच्या गाड्यांनी, वीस चालक, दीडशेच्या आसपास कुत्री, साडेपाच दिवस. शेवटच्या टप्प्यात बाल्टो होता. सगळ्यात लांब आणि बेकार पल्ला खरं तर लेनर्ड सेपाला नावाच्या चालकाच्या टोगो या कुत्र्याने मारला होता, पण फोटो बाल्टोचे निघाले, चालायचंच. तर ही गोष्ट इथपर्यंत सगळे सांगतात. त्याच वर्षी न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कात त्याचा पुतळा बसला, आणि दोन वर्षं व्हायच्या आत तो आणि त्याचे सहा साथीदार लॉस एंजेलिसमध्ये तिकीट लावून दाखवायच्या एका टुकार प्रदर्शनात अर्धपोटी पडले होते! क्लीव्हलंडच्या जॉर्ज किंबल नावाच्या व्यापाऱ्याने ते बघितलं, त्याला 2000 डॉलर किंमत सांगण्यात आली, मग क्लीव्हलंडच्या लोकांनी, अगदी शाळेतल्या पोरांनीसुद्धा पैसे गोळा केले आणि 1927 च्या मार्चमध्ये सातही कुत्री तिकडे आली. तिथल्या प्राणिसंग्रहालयात बाल्टो 1933 पर्यंत जगला. म्हणजे जगातला सगळ्यात फेमस स्लेड डॉग, बर्फावरची घसरगाडी म्हणजे स्लेड ओढणारा कुत्रा, हा रेस्क्यू डॉग होता, वाईट हालातून सोडवून आणलेला, हे कुणी सांगतच नाही.

मी हे मुद्दाम सांगतोय, कारण या कुत्र्यांचं कौतुक आणि त्यांची सोय या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. काम आहे तोवर कौतुक. 2010 च्या व्हँकुव्हर हिवाळी ऑलिंपिकनंतर कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात पर्यटकांना स्लेडमधून फिरवण्याचा धंदा बसला, तेव्हा पन्नासहून जास्त कुत्री मारून पुरून टाकली गेली. ते पुढच्या वर्षी बाहेर आलं, बोंबाबोंब झाली, मग 2012 मध्ये त्या प्रांताने स्लेड डॉगसाठी वेगळे नियम केले. उलट अलास्कातल्या डेनाली नॅशनल पार्कचं बघा, तिथल्या रेंजर्सची कुत्री साधारण नऊ वर्षांची झाली की रिटायर होतात आणि ती कुणाकडे द्यायची याची यादी आधीपासून तयार असते, अर्ज करणाऱ्याला तुम्ही किती पळता, किती चालता हे सगळं विचारतात. काम तेच, कुत्री तीच. एकाने शेवटाचा विचार सुरुवातीला केलेला असतो, एवढंच.

पण आमच्याकडे, म्हणजे अशा कुत्र्यांना नवीन घर शोधून देणाऱ्या आमच्या शेल्टरकडे, येणारे बहुतेक हस्की आणि मालमूट, या स्लेड ओढणाऱ्या जाती, स्लेडवरून येत नाहीत, सोफ्यावरून येतात. लांडग्यांची एक गाजलेली मालिका आली आणि निळ्या डोळ्यांची पिल्लं सगळ्यांनाच हवीशी झाली. पिल्लू असतं तेव्हा सगळं गोड, आणि आठ-दहा महिन्यांचं झालं की फोन येतो. फोनवरची वाक्यं पण ठरलेली असतात, ऐकत नाही, पळून जातो, रात्री हेल काढतो, घर फोडलं, शेजारी वैतागलेत. मी शांतपणे ऐकून घेतो आणि मनात म्हणतो, अहो, म्हणजे कुत्रा एकदम ठणठणीत आहे!

कारण बघा, सायबेरियन हस्की चुकची लोकांनी हलकं ओझं घेऊन लांबवर पळण्यासाठी घडवला, मालमूट जड ओझ्यासाठी. पट्टा ओढू नको म्हणून ज्याला आपण ओरडतो त्याच्या कित्येक पिढ्या ओढण्यासाठीच निवडलेल्या आहेत. शिवाय चांगला लीडर, म्हणजे सगळ्यात पुढे जुंपलेला कुत्रा, पुढचा बर्फ कच्चा वाटला तर मालकाने सांगूनसुद्धा पुढे जात नाही, आणि तिथे त्यानेच सगळ्यांचा जीव वाचतो. तेच कुत्रं दिवाणखान्यात आलं की आपण त्याला हट्टी म्हणतो.

म्हणून आमचं खरं काम कुत्रा उचलून आणणं हे नाहीच, ते एका दुपारचं असतं. खरं काम आहे त्याला ओळखणं. नवीन कुत्रा आला की पहिले काही दिवस तो फॉस्टरच्या, म्हणजे कायमचं घर मिळेपर्यंत तात्पुरता सांभाळणाऱ्याच्या, घरी नुसता राहतो, आंघोळ नाही, पाहुणे नाहीत, कौतुक नाही. पहिल्या आठवड्यात जो गरीब गाय वाटतो तोच महिन्याभरात स्वयंपाकघराचा ओटा चढतो, त्यामुळे पहिल्या आठवड्यातलं वागणं बघून कुणालाही "अगदी शांत आहे हो" असं सांगायचं नाही. मांजर असलेल्या घरात तो चालेल का हे बघायला मांजराची टेस्ट करतो तेव्हा मी मांजराकडे बघतच नाही, कुत्र्याच्या कानांकडे बघतो. भुंकला, नाचला तरी एक वेळ चालेल, पण कान पुढे, तोंड बंद, अंग ताठ आणि नजर हलतच नाही, असं झालं की विषय संपला, त्याच्या फाइलवर 'मांजर नको' लिहायचं आणि मग समोरच्याने कितीही गळ घातली तरी ते खोडायचं नाही.

मग घर बघायला जायचं. मी हॉलमध्ये बसतच नाही, सरळ कुंपणाकडे जातो. सहा फूट उंची हवी, आणि खाली जमिनीत जाळी पुरलेली हवी, कारण हा वरून नाही जमलं तर खालून जातो. कुंपणाला टेकून कुंडी, बाक, एसीचं युनिट असलं तर ती त्याची शिडी. आणि मुख्य दार! बहुतेक हस्की कुंपणावरून नाही तर डिलिव्हरीवाल्यासाठी उघडलेल्या दारातून पळतात, म्हणून दोन दारं हवीत, एक बंद झाल्याशिवाय दुसरं उघडायचं नाही. बाहेर मोकळा सोडायचा नाही म्हणजे नाही, "आमचा हाक मारली की येतो" हे ससा दिसेपर्यंत खरं असतं. मायक्रोचिपवर, म्हणजे ओळखीसाठी कातडीखाली बसवलेल्या चिपच्या नावावर, नवीन फोन नंबर नोंदवल्याशिवाय आम्ही कुत्रा हातात देत नाही.

केसांचं थोडक्यात सांगतो. वर्षातून साधारण दोनदा आतला थर पुंजक्यांनी निघतो, रोज विंचरा, पण उन्हाळ्यात मशीन फिरवून भादरू नका, वरचे केस उन्हापासून वाचवतात आणि भादरल्यावर ते नीट येतीलच असं नाही. तोंडाभोवती, डोळ्यांभोवती खपल्या धरल्या तर अॅलर्जी म्हणून महिनोन्महिने मलम चोळत बसू नका, या जातींमध्ये झिंक अंगाला न लागण्याचा त्रास असतो, डॉक्टरांना तसं स्पष्ट विचारा.

अंटार्क्टिकाचं उदाहरण मला फार आवडतं. 1991 च्या करारात ठरलं की 1 एप्रिल 1994 पर्यंत तिथून सगळी कुत्री हलवायची, सीलना रोग लागायची भीती होती. ऑस्ट्रेलियाच्या मॉसन तळावरची कामाची कुत्री अमेरिकेतल्या मिनेसोटात ईली गावी गेली, जिथे बर्फही होता आणि स्लेडही, आणि म्हातारी ऑस्ट्रेलियात लोकांच्या घरी गेली. कोणाला काम हवंय आणि कोणाला आराम, हे कुत्र्यागणिक ठरवलं. आम्ही पण तेच करतो, फक्त आमच्याकडे स्लेड नसते, तर सायकलला जोडून पळवणारे, कमरेला पट्टा बांधून सोबत धावणारे, पाठीवर छोटी बॅग लावून डोंगर चढवणारे लोक शोधावे लागतात.

लोक चिडतात, की शेल्टर भरलंय म्हणता आणि आम्हाला नाही म्हणता. हो, म्हणतो. दिवसाचे दहा तास घर बंद असणाऱ्याला दीड वर्षाचा नर मी देणार नाही, पण त्यांनाच दहा वर्षांची मालमूट मादी बघा म्हणतो, सकाळ-संध्याकाळ एक फेरी मारून आणली की ती बाकी वेळ फरशीवर पसरलेली असते. म्हाताऱ्यांना कुणी विचारत नाही, आणि माझ्या मते पहिल्यांदा पाळणाऱ्यांसाठी तीच सगळ्यात चांगली.

करारात एक कलम आम्ही कधीच सोडत नाही, जमलं नाही तर कुत्रा आमच्याकडेच परत, वर्षाने असो की सहा वर्षांनी, कारण काहीही असो, आम्ही झापत नाही. झापलं तर पुढच्या वेळी तो माणूस फोन न करता ऑनलाइन जाहिरात टाकतो आणि मग कुत्रा कुठे गेला ते कळत नाही. फॉस्टरचे फॉर्म मागच्या टेबलावर आहेत, भरताना कुंपणाची उंची मोजून लिहा, अंदाजे नको. आता प्रश्न घेऊ या.