कुपीवरचा आकडा आणि सिरिंजवरचा आकडा

श्रोतेहो, नमस्कार.

डॉ. विल्यम वॉन्लेस यांनी १८९४ साली मिरजेत मिशन हॉस्पिटल सुरू केले. तेव्हापासून औषधोपचारांसाठी ओळखल्या जाणाऱ्या या गावात मी आज परिचर्या शिकवते. दहा-बारा वर्षे वॉर्डात काढलेली हुशार सिस्टर जेव्हा अतिदक्षता विभागाचा दोन वर्षांचा नर्स प्रॅक्टिशनर अभ्यासक्रम निवडते, किंवा जत-शिराळ्याकडच्या एखाद्या उपकेंद्रात समुदाय आरोग्य अधिकारी म्हणून रुजू होते, तेव्हा तिला नव्याने काय शिकावे लागते, याविषयी मी बोलणार आहे.

माझ्या नोकरीच्या सुरुवातीच्या काळातला एक प्रसंग सांगते. मधुमेहाच्या एका आजोबांना सकाळ-संध्याकाळ २० युनिट इन्शुलिन लिहून दिलेले होते. तीन दिवस झाले तरी त्यांची साखर उतरेना. आम्ही सगळ्यांनी संशय घेतला तो घरून येणाऱ्या डब्यावर, आणि डोस वाढवण्याचे जवळजवळ ठरलेच होते. त्या वेळी एका ज्येष्ठ सिस्टरांनी ट्रेमधली सिरिंज उचलून उजेडात धरली. कुपी होती एका मिलिलिटरला ४० युनिटची, आणि नातेवाइकांनी दुकानातून आणलेली सिरिंज होती नारिंगी टोपणाची, म्हणजे १०० युनिटच्या इन्शुलिनसाठीची. त्या सिरिंजवर २० च्या रेघेपर्यंत, म्हणजे ०.२ मिलिलिटर, औषध भरले की रुग्णाला मिळत होते फक्त ८ युनिट. सुई टोचणाऱ्यांत मीही होते. उलट चूक झाली असती, म्हणजे १०० ची कुपी आणि लाल टोपणाची ४० ची सिरिंज, तर त्याच रेघेवर ५० युनिट गेले असते, आणि ते जिवावर बेतले असते.

लिहिलेला डोस वेळेवर देणे, एवढेच मी तोपर्यंत सुरक्षितता समजत होते. प्रगत परिचर्येत, म्हणजे सुरुवातीला सांगितलेल्या वरच्या जबाबदारीच्या पदांवर, मात्र डोस वाढवावा का, याचा निर्णयच परिचारिकेच्या विचारावर येऊ लागतो, आणि लिहिलेले औषध शरीरात खरोखर पोहोचते आहे का, हा प्रश्न तिलाच आधी सुचावा लागतो.

अमेरिकेत २००५ साली परिचारिकांच्या शिक्षणासाठी सुरू झालेल्या एका प्रकल्पाने यासाठी सहा क्षमता मांडल्या: रुग्णकेंद्री सेवा, सांघिक काम, पुराव्यावर आधारलेली परिचर्या, गुणवत्ता सुधारणा, सुरक्षितता आणि माहितीचा वापर. प्रत्येक क्षमतेत ज्ञान, कौशल्य आणि वृत्ती असे तीन भाग धरले आहेत. त्या आजोबांना कोणी नीट विचारले असते, तर घरीही तीच सिरिंज वापरतो, हे त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितले असते. आणि चूक सापडल्यावर ड्यूटीवरच्या मुलीला रागावून मोकळे होण्यापेक्षा, वॉर्डात दोन प्रकारच्या सिरिंजा एकत्र येणारच नाहीत अशी व्यवस्था लावणे, घडलेल्या चुकीची नोंद ठेवणे आणि महिन्याभराने ती नोंद पुन्हा तपासणे, याला गुणवत्ता सुधारणा म्हणतात. वॉर्डातली परिचारिका यात सहभागी असते. प्रगत पदावरच्या परिचारिकेने ती पुढाकार घेऊन घडवून आणायची असते.

माझ्या मते यात सर्वांत अवघड आहे ती वृत्ती. काल ज्या सिस्टरला सगळा वॉर्ड विचारून चालत होता, ती नव्या पदावर पहिल्या दिवशी पुन्हा शिकाऊ होते, आणि आपल्याला हे येत नाही असे म्हणायला तिची जीभ रेटत नाही. उपकेंद्रात तर ती एकटीच असते. म्हणून मी विद्यार्थिनींना प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांना फोन करण्याचाही सराव करून घेते: रुग्ण कोण, पूर्वी काय झाले, आता काय दिसते आहे, आणि मला काय हवे आहे, हे थोडक्यात सांगायचे, आणि मिळालेली सूचना त्यांनाच परत वाचून दाखवायची.

श्रोतेहो, आपल्या घरात कोणी इन्शुलिन घेत असेल, तर आज कुपीवरचा आणि सिरिंजवरचा आकडा शेजारी ठेवून पाहा. ते जुळत नसतील, तर पुढचा डोस घेण्यापूर्वी आपल्या सिस्टरांना किंवा डॉक्टरांना दोन्ही वस्तू नेऊन दाखवा.