शॉट, नग आणि वर्क ऑर्डर: मशीनचा आकडा ईआरपीपर्यंत नेताना

[दृश्य: इंजेक्शन मोल्डिंग मशीनचा साचा उघडतो, झाकणं कन्व्हेयरवर पडतात. पॅनेलवरचा काउंटर.]

साचा उघडला, आठ झाकणं खाली पडली आणि काउंटरचा आकडा एकाने वाढला. मशीनच्या बाजूने हे बरोबरच आहे, त्याने शॉट, म्हणजे साच्याची एक फेरी, मोजला. ईआरपीला, म्हणजे कंपनीचा स्टॉक आणि ऑर्डर सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरला, मात्र शॉट कळत नाहीत. त्याला नग हवेत; तेही कोणत्या वर्क ऑर्डरचे (उत्पादनाच्या आदेशाचे), कोणत्या बॅचचे, किती चांगले आणि किती रिजेक्ट. त्यातच साच्याची एक कॅव्हिटी (एका झाकणाचा खाचा) बंद ठेवलेली असेल, तर दर शॉटला सातच झाकणं पडतात आणि मशीन चालवणाऱ्या पीएलसी या कंट्रोलरला याचा पत्ताही नसतो. केबल टाकून होते एका दिवसात. या आकड्याला अर्थ जोडायला खरा वेळ लागतो.

आयएसए-९५ या मानकात कारखान्याचे थर पाडलेले आहेत. खाली सेन्सर आणि पीएलसी, मध्ये उत्पादन व्यवस्थापन, सगळ्यात वर ईआरपी. पीएलसीचा एक स्कॅन (त्याच्या प्रोग्रामची एक फेरी) काही मिलिसेकंदांत संपतो, तर वरच्या थराला तासाची किंवा शिफ्टची बेरीज पुरते. म्हणून या दोघांना थेट जोडत नाहीत. मध्ये गेटवे, म्हणजे मशीनचे आकडे वाचून वर पाठवणारा छोटा संगणक, बसवतात.

[दृश्य: कंट्रोल पॅनेल उघडतं. टर्मिनल, रिले, केबल ट्रे.]

सिग्नल कुठून घ्यायचा? नव्या मशीनमध्ये बहुधा ओपीसी यूए ही संवादाची पद्धत असते. त्याचा ठरलेला पोर्ट ४८४०. जुन्या मशीनमध्ये आरएस-४८५ या वायरिंगवर चालणारं मॉडबस ही जुनी संवाद पद्धत सापडते. काहीच नसेल तर टॉवर लाइटचा किंवा इजेक्टरचा (साच्यातून नग बाहेर ढकलणाऱ्या भागाचा) २४ व्होल्टचा सिग्नल इंटरफेस रिलेतून किंवा ऑप्टोकपलरमधून घ्यावा. आपल्या बाजूचा दोष मूळ सर्किटमध्ये जाता कामा नये, एवढ्यासाठी हे आयसोलेशन हवंच. आउटपुट पीएनपी (२४ व्होल्ट देणारं) आहे की एनपीएन (शून्य व्होल्टशी जोडणारं), हे वायर जोडण्याआधी मीटरने पाहून घ्या. आणि फक्त इजेक्टरचा पल्स मोजू नका. सेटिंग करताना सेटर मॅन्युअल मोडमध्ये इजेक्टर दहा वेळा पुढे-मागे करतो आणि ते सगळे ‘शॉट’ मोजले जातात. पल्ससोबत ऑटो मोडचा सिग्नलही घ्या. दोन्ही असतील तरच मोजा.

आरएस-४८५ चं बरंचसं दुखणं वायरिंगमध्येच असतं. लाइनच्या दोन्ही टोकांना १२० ओहमचा एकेक रेझिस्टर लागतो, मधल्या उपकरणांवर नाही. वीज बंद करून दोन डेटा वायरींमध्ये मीटर लावा. साधारण ६० ओहम आले तर ठीक. १२० आले तर एका टोकाचा रेझिस्टर राहिलाय, ४० आले तर कुठेतरी तिसरा बसलाय. ही केबल व्हीएफडीच्या (मोटरचा वेग बदलणाऱ्या ड्राइव्हच्या) मोटर केबलसोबत एकाच ट्रेमधून नेऊ नका. तशी नेली की मोटर फिरत असतानाच संवाद तुटतो आणि मशीन बंद करून तपासायला जावं तर सगळं सुरळीत दिसतं.

[दृश्य: लॅपटॉपवर रजिस्टरचे आकडे.]

संवाद सुरू झाला म्हणजे आकडा बरोबर आला असं नाही. मॅन्युअलमध्ये रजिस्टर (आकडा ठेवण्याचा १६ बिटचा कप्पा) ४०१०८ लिहिलेलं असतं, पण संदेशात पत्ता १०७ जातो, कारण मोजणी शून्यापासून आहे. एकाने चुकलात तर शेजारचं रजिस्टर वाचलं जातं, आणि तिथलाही आकडा खरा वाटण्यासारखा असू शकतो. दशांश आकडे दोन रजिस्टरमध्ये विभागलेले असतात. २५.० ही किंमत १६८४० आणि ० अशी साठवली जाते. क्रम उलटा लावला तर स्क्रीनवर जवळजवळ शून्य दिसतं. मोठा काउंटरही असाच दोन रजिस्टरमध्ये असतो. ती दोन्ही एकाच विनंतीत वाचा. वेगवेगळी वाचली आणि नेमकं त्याच क्षणी ६५,५३५ चं ६५,५३६ झालं, तर जुना अर्धा आणि नवा अर्धा मिळून १,३१,०७१ तयार होतात.

आता काउंटरचा हिशेब. इथे सावकाश पाहू, कारण खोटा स्टॉक बहुतेक वेळा इथूनच शिरतो. १६ बिटचा काउंटर ६५,५३५ नंतर शून्यावर येतो. मागचं वाचन ६५,५३० आणि आताचं १४ असेल, तर फरकात ६५,५३६ मिळवायचे: २० शॉट. इथवर ठीक. पण ऑपरेटरने शिफ्टच्या सुरुवातीला काउंटर रीसेट केला, मागचं वाचन २,३०० होतं आणि आता १४ आहे, तर हेच सूत्र ६३,२५० शॉट दाखवतं. आठ कॅव्हिटी धरल्या तर ५,०६,००० झाकणं, एकही न बनवता, स्टॉकमध्ये जमा. उपाय सायकल टाइममध्येच आहे. एका शॉटला १२ सेकंद लागत असतील, तर ६३,२५० शॉटना जवळपास नऊ दिवस लागतील. दोन वाचनांमधल्या वेळात जेवढे शॉट शक्यच नाहीत, तेवढा फरक आला की तो रीसेट समजा, नवी मोजणी १४ धरा आणि ही घटना वेगळी नोंदवा.

[दृश्य: गेटवे, नेटवर्क केबल काढली जाते.]

नेटवर्क जाणारच, हे धरूनच गेटवे निवडा. २० टॅग (मशीनमधून वाचायच्या किमती), दर सेकंदाला प्रत्येकी एक नोंद: आठ तासांत ५,७६,००० नोंदी. एक नोंद १०० बाइटची धरली तर सुमारे ५८ एमबी, म्हणजे जागेची अडचण नाही. अडचण लिहिण्याची आहे. साध्या मेमरी कार्डवर दर सेकंदाला लिहीत राहिलं तर ते लवकर खराब होतं. नोंदी गटाने लिहा आणि औद्योगिक दर्जाचं स्टोरेज वापरा. प्रत्येक नोंदीवर घटनेची वेळ गेटवेवरच घाला, तीही यूटीसी या जागतिक वेळेत, आणि घड्याळ एनटीपीने, म्हणजे नेटवर्कवरच्या वेळेशी, जुळवा. सर्व्हरने नोंद पोहोचण्याची वेळ धरली, तर नेटवर्क परत आल्यावर दुसऱ्या शिफ्टचा माल तिसऱ्या शिफ्टच्या खात्यात जातो.

गेटवेपासून सर्व्हरपर्यंतचा प्रवास एमक्यूटीटी या संदेश पद्धतीने होत असेल तर क्यूओएस (संदेश पोहोचवण्याची हमी) १ ठेवा. त्यात संदेश पोहोचतोच, पण कधी दोनदा पोहोचतो. म्हणून प्रत्येक संदेशाला मशीन क्रमांक आणि चढता अनुक्रमांक द्या, आणि आधी आलेला अनुक्रमांक पुन्हा आला तर सर्व्हरने तो टाकून द्यावा. १८८३ पोर्टवरचा संदेश साधारणपणे उघडा जातो, त्याऐवजी टीएलएससाठीचा (कूटबद्ध संदेशांचा) ८८८३ वापरा. गेटवेने फक्त बाहेर जाणारं कनेक्शन उघडावं आणि पीएलसीवर त्याला वाचण्यापुरतीच परवानगी असावी. ओपीसी यूएच्या सर्टिफिकेटची (दोन्ही बाजूंची ओळख पटवणाऱ्या डिजिटल दाखल्याची) मुदत मेंटेनन्सच्या वेळापत्रकात लिहून ठेवा. ती संपली की एरवी नीट चालणारी जोडणी अचानक बंद पडते.

[दृश्य: ऑपरेटर जॉब कार्डवरचा बारकोड स्कॅन करतो.]

राहिला प्रश्न हे नग कुणाचे. वर्क ऑर्डर मशीनला माहीत नसते, ती ऑपरेटरच्या स्कॅनमधून येते. साचा बदलला पण नवं जॉब कार्ड तासाभराने स्कॅन झालं, तर तासाभराचं उत्पादन जुन्या ऑर्डरवर चढतं आणि कच्चा मालही तिथूनच वजा होतो. हे टाळायला साचा बदलाच्या सिग्नलनंतर नवा स्कॅन येईपर्यंतचे नग ‘ऑर्डर नाही’ या खात्यात ठेवा. सुपरवायझरने त्याच शिफ्टमध्ये ते योग्य ऑर्डरला लावावेत. चालू कॅव्हिटींची संख्या मशीनजवळच्या स्क्रीनवर सेटर भरेल. रिजेक्शन वजनावरून की मोजून भरायचं, हे आधीच ठरवा आणि मग त्यात बदल करू नका.

ईआरपीत प्रत्येक शॉटची नोंद टाकू नका. दर पंधरा मिनिटांची किंवा तासाची बेरीज पुरे.

सुरुवात एका मशीनवर आणि एकाच पार्टवर करा. पोस्टिंग, म्हणजे ईआरपीत नोंद टाकणं, बंद ठेवून गेटवेचे आकडे आणि हाताने भरलेला उत्पादन अहवाल शेजारी ठेवा. मग मुद्दाम तीन गोष्टी करा: तासभर नेटवर्क केबल काढा, चालू शिफ्टमध्ये गेटवेची वीज घालवा, काउंटर रीसेट करा. वीज नसतानाचे शॉट गेटवेने पाहिलेले नसतात, पण परत सुरू झाल्यावर काउंटरच्या फरकातून ते मिळायला हवेत. तीनही वेळा शिफ्टची बेरीज पेटीत मोजलेल्या नगांशी जुळली, की पोस्टिंग चालू करा.